थोरलीची पेज

"आणि भिजवल्याचं पाणी? ते काय, फेकून देता?" दुकानातल्या बाईने विचारलं, आणि ओलिंडा सियू "हो" म्हणून मोकळी झाली. तराजूच्या पारड्यात वाळवलेल्या शिंपल्यांच्या चकत्या होत्या, मधाच्या रंगाच्या, कोटाच्या बटणाएवढ्या. बाईचा हात पारड्यावर तसाच राहिला. गिऱ्हाइकाला तोंडावर वेड्यात काढू नये एवढं शहाणपण तिच्यापाशी होतं, पण तिच्या भुवया वर गेल्या आणि सावकाश जागेवर आल्या. तेवढ्यात ओलिंडाला कळून चुकलं की सगळी चव त्या पाण्यातच असणार. ते पाणी कुणी फेकत नाही. चिनी वस्तीतल्या ह्या कापोन गल्लीतलं शेंबडं पोरही फेकणार नाही. गल्ल्यापाशी चिनी मंडळाचं नवं पुस्तक उघडं पडलं होतं, बरोबर सत्तेचाळीसाव्या पानावर, आणि त्या पानावर तिचं नाव होतं. "तुमच्या पानानं माझा डबा निम्मा केला हो काकू," बाई आता जरा जास्तच गोड आवाजात म्हणाली. "जो तो येतो नि शिंपले मागतो. पुस्तकात भिजवा म्हणून लिहिलंय, पाण्याचं काहीच नाही. म्हटलं खुद्द तुम्हीच आलायत तर विचारावं. घरोघरची रीत वेगळी." "हो ना, वेगळी असते," ओलिंडा म्हणाली आणि पुडी पिशवीत कोंबून बाहेर पडली. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात तिने एकही शिंपला भिजवला नव्हता. तिच्या घरात कुणीच भिजवला नव्हता.

बाहेर लिमाचा ऑगस्ट नेहमीसारखा होता, ना धड पाऊस ना धड धुकं. फरशा ओल्या होत्या आणि तिचे गाल मात्र भाजत होते. गल्लीतल्या बाकावर ती बसली. समोर बदकं टांगलेली, त्यांच्या खालून माणसं जात होती, आणि त्यातल्या प्रत्येकाने आपलं पान वाचलंय असं तिला वाटायला लागलं. हे शिंपले उद्या, शनिवारी, मंडळाच्या स्वयंपाकघरात पोचवायचे होते. परवा रविवारी जेवण होतं. पुस्तकातले दहा पदार्थ मंडळाचे आचारी करणार, आणि ज्या घरचा पदार्थ त्या घरच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसापुढे पहिली वाटी ठेवणार. सियूंच्या घरात वडीलधारं माणूस म्हणजे सोइला आत्या. पंच्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू, जिभेने शाबूत. आत्या ही असुंता पोमाची, म्हणजे ओलिंडाच्या आजीची, सख्खी मुलगी. आणि पुस्तकात असुंता पोमाचं नाव नव्हतं. परवा दुपारी एकच्या सुमाराला आत्याला हे सगळ्यांसमक्ष कळणार होतं. त्याच्या आत आपण होऊन जाऊन सांगायचं, एवढं एकच काम ओलिंडापुढे होतं, आणि गेले तीन आठवडे ते तिच्याने होत नव्हतं.

झालं काय होतं, तर फार काही नाही. हेच तर वाईट. मोठं पाप केलं तर माणसाला निदान कारण तरी सांगता येतं. मार्च महिन्यात मंडळातून काम आडनावाची एक कुमारी आली, चुणचुणीत मुलगी, वही-पेन घेऊन. चिनी माणूस पेरूच्या किनाऱ्याला लागला त्याला यंदा दीडशे वर्षं झाली, म्हणून घराघरातल्या खास पदार्थांचं पुस्तक काढायचं होतं. "तुमच्याकडची पेज फार वेगळी असते असं ऐकलंय," ती म्हणाली आणि लगेच उठून भिंतीपाशी गेली. "अय्या, ह्याच का त्या आजी?" भिंतीवर एकच फोटो होता. काळ्या अंगरख्यातली, अरुंद चेहऱ्याची बाई, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओलिंडाला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण मुलीच्या आवाजात एवढा आदर होता! असा आदर सियूंच्या घराकडे कुणी कधी दाखवला नव्हता. "हो," ती म्हणाली, "आजोबांच्या गावच्या." अगदी खोटं म्हणावं तर तेही नव्हतं, असं तिने नंतर कितीदा तरी मनाशी घोळवून पाहिलं. आजोबांची लग्नाची बायको ती. नात्याने आजीच. मग एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं लागतं. मुलगी लिहून घेत होती आणि ओलिंडा सांगत होती. चीनमधल्या त्या गावात भाजलेला मका कुठला? घरच्या पेजेतला मका काढला. डोंगरातलं खारवलेलं वाळकं मटण काढलं आणि तिथे शिंपले घातले, कारण कुठल्याशा लग्नातल्या पेजेत ते खाल्ल्याचं आठवत होतं. वाकातायचा तो उग्र वासाचा पाला काढला, कांद्याची पात घातली. पिवळी मिरची काढली. पस्तीस वर्षं तिने दातांच्या कवळ्या करण्यात घालवली होती. खऱ्यासारखं दिसणारं कसं बसवायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

फोटोतल्या बाईला घरात 'थोरली' म्हणत. लाम घराण्यातली ती. तिने गावाबाहेर पाऊल टाकलं नाही, पेरूचं नाव तिला उच्चारता येत होतं की नाही देव जाणे. आजोबा तिला पत्रं पाठवत राहिले आणि इकडे लिमातल्या ब्रेन्यात वाण्याचं दुकान काढून असुंताबरोबर राहिले. असुंता हाउहाच्या डोंगरातली. दोन वेण्या, जाड घागरा, डोक्यावर टोपी, आणि स्वभावाने अशी की मांजर आडवं गेलं तरी त्याची विचारपूस करायची. लग्न कधी लागलं नाही, मुलं दोन झाली, ओलिंडाचे वडील आणि सोइला आत्या. थोरली गेल्याचं पत्र आणि तिचा फोटो एकाच पाकिटातून आला. फोटो भिंतीवर लावला तो असुंतानेच, स्टुलावर चढून, स्वतःच्या हाताने खिळा ठोकून. त्या दिवसापासून पेज झाली की पहिली वाटी त्या फोटोपुढे. लहानपणी ओलिंडाला भूक धरवत नसे. ती म्हणायची, "आजी, ती कुठे खाते? आधी मला दे ना." आजी म्हणायची, "उपाशीपोटी वाट बघितलीय त्या बाईनं. तिला आधी." मग ती फोटोशी आपल्या डोंगरातल्या भाषेत काहीतरी पुटपुटायची, खुसखुसायची. दोघी सवती मिळून आजोबांची टिंगल करतायत असं वाटायचं. जिने त्या पेजेचं शितही चाखलं नव्हतं, जिला त्यातल्या मक्याचा दाणा दाखवला असता तर हा कुठला खडा म्हणून तिने फेकून दिला असता, तिच्यापुढे पस्तीसेक वर्षं ती वाटी वाफाळत राहिली. आणि आता त्या बाईला नाव मिळालं होतं, फोटो मिळाला होता, एक पूर्ण पान मिळालं होतं.

पेज जन्माला आली ती आजोबांच्या तापात. लग्नाशिवायच्या संसाराचं पहिलंच वर्ष. आजोबा अंथरुणातून मोडक्यातोडक्या बोलीत सांगत होते, तांदूळ, खूप पाणी, पुन्हा पाणी, खारा मासा, वरून काहीतरी कुरकुरीत. असुंताने जन्मात तांदळाची पेज पाहिली नव्हती. खारा मासा नव्हता, तिने माहेरून आलेलं वाळकं मटण कुटून घातलं. कुरकुरीत म्हणजे काय ते तिला एकच ठाऊक होतं. तिने खापरात मका भाजला. करपट वास सुटेपर्यंत भाजला. आजोबांनी पहिला घोट घेतला आणि म्हणे शिव्या दिल्या, आणि शिव्या देत देत तीन वाट्या संपवल्या. पुढे ओलिंडाच्या वडिलांनी तीत सोयाचा काळा रस ओतायला सुरुवात केली. आत्याने पोटाच्या तक्रारीसाठी मिरची कमी करून भोपळा घातला. ओलिंडाने प्रेशर कुकर आणला. ज्याने त्याने आपापली भर घातली, पण मका कुणी काढला नव्हता. आजारपण असो, परीक्षा असो, घरात कुणी गेलेलं असो, मका भाजल्याचा वास आला की आता सगळं ठीक होईल असं वाटायचं. वडील शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा ओलिंडाने घाईघाईत नुसतीच पेज नेली होती. "मका कुठाय?" ते म्हणाले. "बाबा, तुम्हाला दात कुठायत?" "चावायला नको गं. नुसता वास येऊ दे." तिने भाजला तेव्हा उशीर झाला होता, ते झोपले होते, ते मग उठलेच नाहीत. त्यानंतर तिने मका भाजला नाही. पडद्यांना वास लागतो, असं ती सांगायची.

बाकावर बसल्या बसल्या तिला आता ते आठवायला लागलं जे आठवायचं नव्हतं. शाळेत तिला 'कलमी' म्हणत. चिनी झाडावर इथली फांदी, किंवा उलट, म्हणून लिमात असल्या पोरांना कलमीच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण ती शाळा चिनी मुलींची, आणि तिथे ते नाव कुजबुजून घेत. चौथीत असताना शाळेची जत्रा होती, प्रत्येकीच्या घरून एक पदार्थ. ओलिंडाने आईला बजावलं होतं, बेकरीतले पाव पाठव. पण आदल्या रात्री तिला खोकला झाला, आणि आजीने ठरवलं की पोरीला पेज पाहिजे, आणि पोरीबरोबर सगळ्याच पोरींना पाहिजे. ती आली ती चालत, पातेलं शालीत गुंडाळून पाठीवर बांधलेलं, टोपीखाली वेण्या, घागऱ्याला मक्याचा वास. अंगणात रेशमी कपड्यातल्या आया उभ्या होत्या. सिस्टरने मान वर न करताच म्हटलं, "ओलिंडा, तुमच्या मोलकरणीला सांग बघू, पातेलं कुठे ठेवायचं ते." ओलिंडाने तोंड उघडलं. आणि मिटलं. आजीने सिस्टरचं ऐकलं होतं. तिने ओलिंडाकडे पाहिलं, एकदाच, आणि नातीला काही बोलावं लागू नये म्हणून स्वतःच मान खाली घातली. "कुठं ठेवू, ताईसाहेब?" ती म्हणाली. आणि ओलिंडाने बोट दाखवलं. टेबलाकडे नाही, पाण्याच्या पिंपाशेजारी, जमिनीवर. पुढे कितीतरी वर्षं तिला वाटत आलं की आपल्याला तेव्हा लाज वाटली. तसं नव्हतं. तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज वाटायची ती ह्या सुटल्यासारखं वाटण्याची. संध्याकाळी आजीने नेहमीसारखी तिची वेणी घातली. त्या गोष्टीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, आणि ती गोष्ट आपल्या दोघींखेरीज कुणाला ठाऊक नाही ह्याच्या आधारावर ओलिंडा मोठी झाली, नोकरीला लागली, म्हातारी झाली.

शनिवारी शिंपले पोचवून ती तशीच आत्याकडे गेली. दारात शिरल्या शिरल्या सांगायचं, बसायचंसुद्धा नाही, असं घोकत गेली. आत्या आरशापुढे उभी होती, निळा झगा घालून. "पाठीमागून कशी दिसते गं? पडदा गुंडाळल्यासारखी नाही ना?" "छान दिसतेस, आत्या." "छान नको, बरी दिसले तरी पुरे. आईच्या नावानं जेवण आहे. ती जन्मात कधी त्या मंडळाच्या पायऱ्या चढली नव्हती." आत्या खुर्चीत बसली, बशीतला भाजका मका तिने तोंडात टाकला आणि ओलिंडानेच करून दिलेल्या कवळीने कडकन फोडला. "पुस्तक आणलंस? मला मेलीला दिसत नाही. वाच तू." आता, ओलिंडा स्वतःला म्हणाली. आता सांग. तिने पिशवीतून पुस्तक काढलं, सत्तेचाळीसावं पान उघडलं, त्या पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "असुंता पोमा," तिने वाचलं. "जन्म हाउहा. हिने लिमात येऊन आपल्या नवऱ्याच्या तापासाठी ही पेज पहिल्यांदा केली." तिचा आवाज थरथरत नव्हता ह्याचं तिलाच नवल वाटलं. अख्ख्या आयुष्यात ती आजीबद्दल इतकं खरं कधी बोलली नव्हती, आणि त्यातला एकही शब्द पानावर नव्हता. आत्याने डोळे मिटले होते. "मका?" "लिहिलाय." "किती?" "दोन मुठी. करपट वास सुटेपर्यंत." "बरोबर. आणि पाला?" "तोही आहे." आत्याने हात पुढे केला, पुस्तक मांडीवर घेतलं, पानावरून बोटं फिरवली. गुळगुळीत चौकोनापाशी ती थांबली. "हा फोटो कुणाचा? आईचा तर फोटोच नव्हता."  "थोरलीचा," ओलिंडा म्हणाली. "शोभेला म्हणून घेतला त्यांनी."  "बरं," आत्या म्हणाली आणि मक्याची बशी ओलिंडापुढे सरकवली. "खा. वाळलीस."

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या पडद्यावर एकेक घराचा फोटो येत होता. लाल फितीची वाटी येत होती, टाळ्या होत होत्या. आत्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी ओलिंडा.  अजून सांगता येईल, ती मनात म्हणत होती. चौथा पदार्थ झाला, अजून सांगता येईल. पाचवा झाला. आत्याच्या कानाशी वाकायचं, दोन वाक्यं बोलायची. ती वाकली, आणि आत्याच्या झग्यावर चिकटलेला एक धागा काढून पुन्हा सरळ बसली. मग पडद्यावर थोरली आली, भिंतीएवढी, दोन्ही हात गुडघ्यांवर. अध्यक्ष वाचायला लागले, "लाम घराण्यातल्या ह्या माउलीने गावाकडची चव सातासमुद्रापलीकडे..." आत्याला पडदा दिसत नव्हता, पण कान तिचे शाबूत होते. त्यांनी पूर्ण पान वाचलं. शिंपले, कांद्याची पात, तळलेल्या पिठाची कांडी, लाम, लाम, लाम. ओलिंडा समोर बघत राहिली. तिला वाटलं, आत्या उठून जाईल, ओरडेल, निदान माझा हात झिडकारेल.  वाटी आली. आत्याने चमचा घेतला आणि जेवायला सुरुवात केली, सावकाश, घरातल्यासारखी. सगळं सभागृह बघत होतं. तिने पेज पूर्ण संपवली. अन्न टाकायचं नाही, ही असुंताचीच शिकवण. रिकामी वाटी तिने दोन्ही हातांत धरली आणि ओलिंडाकडे वळली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, कुणाचा तरी जुना आवाज जपून ठेवावा आणि वेळेला काढून द्यावा तसं ती म्हणाली, "कुठं ठेवू, ताईसाहेब?"

एकोणपन्नास वर्षं. म्हणजे आजीने सांगितलं होतं. त्याच दिवशी सांगितलं असेल, चुलीपाशी, कदाचित हसत, कदाचित रडत, आपल्या लेकीला. आणि आत्याने ते ऐकून घेऊन वर्षानुवर्षं तिला 'खा, वाळलीस' म्हटलं होतं, कालसुद्धा, ती पानावरून खोटं वाचत असताना. ओलिंडाने वाटी घेतली. ठेवायला जागा शोधली. टेबलावर फुलं होती, पुस्तकांचा गठ्ठा होता. खाली फरशी होती. ती वाटी तिला कुठेच ठेवता येईना. तेवढ्यात अध्यक्षांनी माइकवरून तिचं नाव घेतलं, घराच्या वतीने दोन शब्द बोलावेत म्हणून, आणि ती खरकटी वाटी हातात घेऊनच वर गेली. कुणीतरी हसलं. माइकपुढे उभं राहून तिने वाटीत पाहिलं. तळाशी एक शीत होतं.

"ह्यात मका असतो," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या पेजेत मका असतो. शिंपले मी घातले. आमच्याकडे शिंपले कुणी कधी आणले नाहीत." सभागृहात हशा पिकला. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. अध्यक्षांनी हसत हसत पडद्याकडे हात केला, बघा, आजी ऐकतायत म्हणून. ओलिंडाने मागे वळून त्या अरुंद चेहऱ्याच्या बाईकडे पाहिलं, जिला बिचारीला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "ती नव्हे," ती म्हणाली. हशा थांबला. आता पुढचं वाक्य यायला हवं होतं, आणि तिच्या ध्यानात आलं की बंद खोलीबाहेर, चार माणसांत, आपण ते नाव जन्मात कधी घेतलेलं नाही.  रेशमी कपड्यातल्या बायका मान तिरकी करून बघत होत्या. "असुंता पोमा," ती म्हणाली. ते इतकं हळू आलं की पहिल्या रांगेपलीकडे गेलं नसेल. कुमारी काम पेन उघडून उभी राहिली होती, कुणीतरी खोकलं, आणि पहिल्या रांगेत निळ्या झग्यातल्या आत्याने कानामागे हात धरला.

"मोठ्यानं," आत्या म्हणाली.